पाटीवर उपयोग आहे, ओळख कुठे आहे?

माझी आत्या पाटोदा तालुक्यात राहते. वय सत्तरच्या पुढे, बद्धकोष्ठाचा जुना त्रास. बाजाराच्या दिवशी काष्ठौषधीच्या दुकानातून सोनामुखीच्या पानांची पुडी आणायची, रात्री चिमूटभर पाने गरम पाण्यात भिजवून ते पाणी घ्यायचे, असा तिचा अनेक वर्षांचा शिरस्ता. मध्यंतरी एका पुडीचा गुण येईना, म्हणून तिने चिमटीची मूठ केली. मुठीवर ठीक चालले. ती पुडी संपत आली, नवी आणली, आणि मूठ तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जुलाबांनी ती इतकी गळून गेली की बीडला नेऊन सलाईन लावावे लागले.

मी भेटायला गेले तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, "पुडी तीच, दुकान तेच, मंग औषध बदललं कसं?"

दोन्ही पुड्यांतली उरलेली पाने मी कोमट पाण्यात भिजवली, उलगडली आणि पांढऱ्या कागदावर मांडून भिंगाखाली पाहिली. नव्या पुडीत जवळजवळ सगळी सोनामुखी होती. जुन्या पुडीत अर्ध्याहून जास्त पाने दुसऱ्याच झाडाची होती, आणि ते झाड ओळखायला मला प्रयोगशाळेत जावे लागले नाही. आत्याच्या घरामागच्या माळावर ते उभे होते. तो आपला तरवड. म्हणजे जुन्या पुडीतले औषध अर्धेच होते, आणि नव्या पुडीतले औषध पुरे होते. आत्याला त्रास झाला तो खऱ्या पानाने. त्याआधी खोट्या नावाच्या पानाने तिला चुकीचे प्रमाण शिकवले होते.

दुकानदाराने मुद्दाम फसवले असे मला म्हणायचे नाही. तो पोत्यातून आलेला माल विकतो. प्रश्न वेगळा आहे. औषधी वनस्पतींवर इतके लिहिले जाते. पुस्तिका आहेत, संशोधकांचे ग्रंथ आहेत, सरकारी प्रमाणके आहेत, शाळेच्या बागेत पाट्या आहेत. एवढ्या लिखाणातून पानाची ओळख निसटते कुठे? या लेखात सोनामुखीच्या गुणांची चर्चा नाही. तिच्याविषयी आणि तिच्यासारख्या पानांविषयी जे लिहिले जाते, त्याची ही चिकित्सा आहे.

नावाचा घोळ

सुरुवात नावापासून करू. सोनामुखी हे मूळचे आपल्या माळावरचे झुडूप नव्हे. अरब वैद्यांनी ती औषधांत आणली, म्हणून ‘सना मक्की’ हे तिचे युनानी नाव. भारतात तिची लागवड प्रामुख्याने तमिळनाडूतील तिरुनेलवेली भागात रुजली. त्यावरून व्यापारात ‘तिनेवेली सेना’ हे नाव पडले. आज राजस्थान आणि कच्छमध्येही ती पिकते.

मराठीत तिला सोनामुखी म्हणतात, पण ‘भुईतरवड’ असेही म्हणतात. त्याहून अडचण अशी की भुईतरवड हेच नाव तिच्या दुसऱ्या एका जातभाईलाही दिले जाते. आता ‘भुईतरवडाची पाने आणा’ असा निरोप तीन माणसांच्या तोंडून गेला, तर चौथा माणूस तरवडाची पाने आणील यात नवल ते काय? बालाघाटाच्या डोंगररांगांत, आष्टी-पाटोद्याच्या मुरमाड माळांवर तरवड हवा तेवढा आहे. पाऊस कमी, जमीन हलकी, वर चराई. तरी तो तगून राहतो. तोडायला पैसे पडत नाहीत.

शास्त्रीय नावाने घोळ मिटतो म्हणावे, तर तेही पुरते खरे नाही. जुन्या पुस्तकांत सोनामुखी, तरवड, टाकळा, कासविंदा आणि बहावा हे सगळे ‘कॅशिया’ या एकाच प्रजातीत आहेत. १९८२ मध्ये आयर्विन आणि बार्नेबी या वनस्पतिशास्त्रज्ञांनी या मोठ्या प्रजातीची फेरमांडणी केली. बहावा कॅशियातच राहिला. सोनामुखी, तरवड, टाकळा, कासविंदा ‘सेन्ना’त गेले. त्यामुळे एकाच कपाटातल्या दोन पुस्तकांत एकाच झाडाची दोन शास्त्रीय नावे दिसतात. दोन्ही बरोबर आहेत. पण हे सांगणारी एक ओळ मराठी पुस्तिकांमध्ये क्वचितच असते.

पुस्तिकांची भाषा

बाजारात मिळणाऱ्या वनौषधींच्या पुस्तिका साधारण एका साच्याच्या असतात. नमुना म्हणून मी माझ्या शब्दांत एक वर्णन लिहिते: ‘हे एक ते दोन मीटर उंचीचे झुडूप असून पाने संयुक्त, पर्णिका लांबट व हिरव्या असतात. फुले पिवळी. शेंगा चपट्या. पाने रेचक.’

हे वर्णन सोनामुखीचे आहे का? आहे. तरवडाचे आहे का? शेवटचा शब्द सोडला तर तेही आहे. पावसाळ्यात बांधावर उगवणाऱ्या कासविंद्यालाही त्यातले पुष्कळसे लागू पडते. वर्णनातले एकही विधान खोटे नाही, तरीही ते ओळख म्हणून निरुपयोगी आहे. ओळख पटवायची असेल तर दोन सारख्या वस्तूंमध्ये वेगळे काय, ते सांगावे लागते. पोलीस ठाण्यात ‘दोन डोळे, एक नाक, केस काळे’ असे हरवलेल्या माणसाचे वर्णन आपण देत नाही. कपाळावरची खूण सांगतो.

अशा खुणा तरवडाला भरपूर आहेत. पानाच्या देठाच्या बुडाशी दोन मोठी, मूत्रपिंडाच्या आकाराची उपपर्णे असतात, कानाच्या पाळीसारखी. त्याच्या शास्त्रीय नावातला ‘ऑरिक्युलाटा’ हा शब्द ‘कान असलेला’ याच अर्थाचा आहे. पानाच्या मधल्या कण्यावर पर्णिकांच्या प्रत्येक जोडीपाशी एक बारीक उभी ग्रंथी असते, बोटाला जाणवते. पर्णिकांच्या सात-आठ ते बारा जोड्या, पर्णिका दोन-अडीच सेंटिमीटर लांब, टोक बोथट आणि त्यावर सुईसारखे बारीक अग्र. सोनामुखीला तसे मोठे कान नाहीत, कण्यावर ग्रंथी नाहीत. पर्णिकांच्या जोड्या चार ते आठ. पर्णिका भाल्यासारख्या निमुळत्या, पाच सेंटिमीटरपर्यंत किंवा थोड्या अधिक लांब, टोकदार, आणि तळाशी मधल्या शिरेच्या दोन बाजू किंचित असमान.

हे सगळे सातवीच्या मुलाला हाताने आणि डोळ्याने कळते. मग ते पुस्तिकेत का नसते? कारण पुस्तिका वाचणाऱ्याला ‘कशावर चालते’ एवढेच हवे असते, असे लिहिणाऱ्याने गृहीत धरलेले असते.

ग्रंथ चांगला, पण कुलुपात

दुसरे लिखाण म्हणजे प्रदेशाच्या वनस्पतींचे शास्त्रीय ग्रंथ, ज्यांना ‘फ्लोरा’ म्हणतात. थिओडोर कुक यांचा १९०१ ते १९०८ या काळात निघालेला ग्रंथ आजही महाराष्ट्रातले वनस्पतिशास्त्रज्ञ उघडतात. पण तो मुंबई इलाख्याचा. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, त्यामुळे आपला जिल्हा त्या ग्रंथाच्या हद्दीबाहेर राहिला. राज्यकारभाराची सीमा झाडांना ठाऊक नसते. ग्रंथांना मात्र असते. ही उणीव औरंगाबादच्या व्ही. एन. नाईक यांनी भरून काढली. त्यांचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरचा दोन खंडांचा ग्रंथ १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठवाड्यात काम करणाऱ्या माझ्यासारख्या माणसासाठी त्याचे मोल मोठे आहे.

या ग्रंथांचा गुण म्हणजे त्यांतली ओळखसूची. ‘असे असेल तर पुढच्या क्रमांकावर जा, तसे असेल तर त्यापुढच्या’ अशा जोडप्रश्नांनी ती आपल्याला एका नावापर्यंत नेते. पुस्तिकांत नसलेली ‘वेगळे काय’ ही दृष्टी इथे आहे. पण दोन अडचणी राहतात. ग्रंथ इंग्रजीत आहेत, परिभाषेने भरलेले. आणि अशा सूचींचा मुख्य आधार फुले आणि फळे. औषधाच्या पोत्यात मात्र फूल नसते, शेंग नसते, फांदीही नसते. असते ती सुटी, वाळलेली, निम्मी मोडलेली पर्णिका.

आकड्यांची शिस्त आणि तिची मर्यादा

त्या सुट्या पर्णिकेसाठी तिसरे लिखाण आहे: फार्माकोपिया, म्हणजे औषधांची अधिकृत प्रमाणके सांगणारे ग्रंथ. भारतीय आणि आयुर्वेदिक फार्माकोपियात सोनामुखी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये काढलेल्या औषधी वनस्पतींच्या पहिल्या खंडातही आहे. इथली शिस्त वाखाणण्यासारखी आहे. पान डोळ्याला कसे दिसते, सूक्ष्मदर्शकाखाली कसे दिसते, त्यात कचरा किती चालेल, जाळल्यावर राख किती उरावी, आम्लात न विरघळणारी राख (म्हणजे बहुतांशी माती आणि वाळू) किती असावी, आणि शेवटी औषधी द्रव्य किती असावे, असा क्रम असतो. ओळख आणि गुणवत्ता हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे या ग्रंथांनी नीट जाणले आहे.

सूक्ष्मदर्शकाच्या पायरीवर ‘पर्णरंध्र निर्देशांक’ नावाचा एक सुरेख आकडा भेटतो. सॅलिस्बरी यांनी १९२७ मध्ये तो मांडला. पानाच्या अपित्वचेच्या एका तुकड्यात रंध्रे किती आणि साध्या पेशी किती, हे मोजायचे. दोन्ही मिळून शंभर धरले तर त्यांत रंध्रे किती, तो निर्देशांक. समजा १० रंध्रे आणि ४० पेशी दिसल्या, तर निर्देशांक २०. नुसती दर चौरस मिलिमीटरला रंध्रे मोजली तर आकडा पानागणिक बदलतो. पान मोठे होताना पेशी पसरतात आणि रंध्रे दूर जातात, फुगा फुगवला की त्यावरचे ठिपके दूर जावेत तशी. गुणोत्तर मात्र फारसे हलत नाही. म्हणून ते ओळखीला उपयोगी. तिनेवेली सोनामुखीचा निर्देशांक सुमारे १७ ते २० आणि अलेक्झांड्रियाच्या सोनामुखीचा सुमारे ११ ते १३, असे पाठ्यग्रंथ सांगतात.

इथे थोडे थांबायला हवे. हे दोन प्रकार एकाच जातीचे आहेत, असे आज वनस्पतिशास्त्र मानते. म्हणजे हा आकडा दोन जाती वेगळ्या करत नाही. एका जातीतले दोन व्यापारी प्रकार वेगळे करतो. शिवाय निर्देशांक हा काही दगडावरचा लेख नव्हे. वुडवर्ड यांनी १९८७ मध्ये वनस्पतिसंग्रहांतली जुनी वाळवलेली पाने तपासून दाखवले की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तशी पानांवरची रंध्रे कमी झाली. आकडा खरा, पण तो कोणत्या पानाचा, कुठल्या हवेतला, पानाच्या वरच्या बाजूचा की खालच्या, हे सोबत नसेल तर तो अपुरा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट शेवटच्या पायरीवर आहे. सोनामुखीचा रेचक गुण सेनोसाइड नावाच्या द्रव्यांमुळे येतो. मोठ्या आतड्यातले जीवाणू त्यांचे रूपांतर करतात आणि मग ती काम करतात. म्हणूनच रात्री घेतलेल्या पाण्याचा परिणाम सकाळी दिसतो. वाळलेल्या पानांत या गटाची द्रव्ये किमान २.५ टक्के असावीत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाणक आहे. आता एक हिशेब करू. समजा, चांगल्या सोनामुखीत ही द्रव्ये ३.२ टक्के आहेत. तिच्या ८० भागांत कोणी तरवडाचे २० भाग मिसळले. रेचक सेनोसाइडांचा तरवडावर भरवसा नाही, म्हणून त्याचे शून्य धरू. मिश्रणात उरले २.५६ टक्के. माल उत्तीर्ण! पाचातले एक पान परके असूनही आकडा तक्रार करत नाही.

उलटही घडते. पाने शंभर टक्के सोनामुखीची, पण ओली असताना ढीग मारून ठेवली, काळी पडली, बुरशी धरली. ओळख उत्तीर्ण, गुणवत्ता नापास.

फार्माकोपियात या दोन्ही चाळण्या आहेत आणि दोन्हींतून माल जावा अशीच अपेक्षा आहे. मिश्रण पकडायला रासायनिक खूणही आहे: तरवडाच्या पानांच्या चूर्णावर ८० टक्के गंधकाम्ल टाकले तर ते किरमिजी लाल होते, सोनामुखीचे होत नाही. (हा प्रयोग शाळेत करू नये, ते आम्ल घातक आहे.) पण मी पाहिलेल्या कितीतरी तपासणी अहवालांत सूक्ष्मदर्शकाची ओळ ‘अनुरूप’ या एका शब्दात उरकलेली होती आणि टक्केवारी मात्र दोन दशांश स्थळांपर्यंत दिलेली होती. आकडा ठळक असतो, म्हणून त्यावर विश्वास बसतो. पान कोणी पाहिले, किती पाने पाहिली, हे विचारले जात नाही.

मधला दुवा

आता तिन्ही लिखाणे शेजारी ठेवून पाहू. पुस्तिका उपयोग सांगते, ओळख सांगत नाही. फ्लोरा ओळख सांगतो, पण फुलाफळासकट असलेल्या फांदीची, आणि तीही इंग्रजीत. फार्माकोपिया सुट्या पर्णिकेची ओळख सांगतो, पण ती प्रयोगशाळेत. तरवडाचे कान, कण्यावरच्या ग्रंथी, जोड्यांची संख्या, या सगळ्या सोप्या खुणा पर्णिका ओरबाडली जाते त्या क्षणी फांदीवरच राहून जातात. ओळख हरवते ती तिथे, तोडणाऱ्याच्या हातात. आणि नेमक्या त्या हातासाठी, त्याच्या भाषेत, कोणी लिहिलेले नाही.

हे एका झाडापुरते नाही. अडुळशाच्या पानांत महारुखाच्या पर्णिका मिसळल्या जातात, हे औषधी वनस्पतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतले नेहमीचे उदाहरण आहे. फांदीवर हा गोंधळ होणे शक्यच नाही. अडुळशाचे पान साधे, समोरासमोर आलेले, कडा अखंड. महारुखाचे पान हातभर लांब, संयुक्त, पर्णिकांच्या कडा दातेरी. पण वाळवून चुरल्यावर फरक पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो: अडुळशाच्या रंध्राला दोन पेशी आडव्या बिलगलेल्या असतात, महारुखाला तशी मांडणी नसते. फांदीवर जे फुकट कळते, ते पोत्यात महाग पडते.

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ २००० मध्ये स्थापन झाले आणि शाळांमधून वनौषधींच्या बागा लावण्याला उत्तेजन मिळाले. चांगली गोष्ट आहे. आपल्या जिल्ह्यातल्या अशा काही बागा मी पाहिल्या. पाटी लाकडाची असो की पत्र्याची, मजकूर एकच: ‘अडुळसा – खोकल्यावर उपयुक्त.’ ‘सोनामुखी – पोट साफ होण्यासाठी.’ एका बागेत सोनामुखीच्या पाटीमागे तरवडच उभा होता, पिवळ्या फुलांनी डवरलेला. मुलांनी वर्षभर तेच पाठ केले असणार.

म्हणून शिक्षकांना माझे सांगणे असे, की पाटी बदला. उपयोगाची ओळ पुसली तरी चालेल. उपयोग आणि मात्रा हे वैद्य-डॉक्टरांचे काम आहे. सोनामुखीसारखे साधे वाटणारे पानही दीर्घकाळ रोज घेतले तर शरीरातले पोटॅशियम कमी करते, आणि गरोदर स्त्रीने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पाटीवर तीन ओळी लिहा: हे झाड कशामुळे ओळखावे, हे कोणासारखे दिसते, त्यापासून वेगळे कसे करावे. तरवडाच्या पाटीवर ‘बुडाशी कान आहेत, प्रत्येक जोडीपाशी ग्रंथी आहे, सोनामुखीला दोन्ही नाहीत’ एवढे आले तरी पुष्कळ झाले.

वर्गासाठी एक काम सुचवते. पावसाळ्यानंतर मुलांना तरवड, टाकळा, कासविंदा आणि बहावा यांची एकेक पुरी फांदी आणायला सांगा. चारांची पाने शेजारी ठेवून ग्रंथी कुठे आहेत ते शोधायला लावा. तरवडाला प्रत्येक जोडीपाशी, टाकळ्याला फक्त खालच्या जोड्यांपाशी, कासविंद्याला देठाच्या बुडाजवळ एकच, बहाव्याला नाही. मग मुलांनाच ‘असे असेल तर’ पद्धतीची मराठी ओळखसूची लिहू द्या. ज्या शाळेत सूक्ष्मदर्शक आहे, तिथे पानाच्या पाठीवर बिनरंगाचे नेलपॉलिश लावून, वाळल्यावर चिकटपट्टीने उचलून काचपट्टीवर ठेवा. रंध्रांचा ठसा दिसतो. तरवडाचा निर्देशांक मुलांनी काढावा, निदान दहा पानांवरून, आणि शेजारी तारीख, गाव, पानाची बाजू लिहावी. आणि प्रत्येक झाडाची एक फांदी वर्तमानपत्रात दाबून, वाळवून, चिठ्ठीसह जपून ठेवावी. वुडवर्ड यांना जुना काळ वाचता आला तो अशाच कोणीतरी जपलेल्या, नाव-गाव-तारीख लिहिलेल्या पानांमुळे.

आत्याला मी तरवडाची एक फांदी तोडून दाखवली. देठाच्या बुडाशी बोट लावून तिने कान चाचपले आणि म्हणाली, "हे तर मला लहानपणापासून ठाऊक हाये. पण पुडीत कान कुठं असतेत?"

तिच्या बोलण्यात या चिकित्सेचा सारांश आला. पुडीत कान नसतात, म्हणून ते तोडणाऱ्याने पाहायचे असतात. आणि आज तुमच्या वर्गात बसलेली मुले उद्याची तोडणारी, विकणारी, विकत घेणारी आणि तपासणारी माणसे आहेत.